जॅक उतरून राह्यला

१८ ऑगस्ट

जॅक आज परत उतरला. ट्रॉली रिकामी होती म्हणून बरं. मी चाकाचे नट सैल करून राह्यली होती, वर पाहते तर टायर जमिनीले टेकलेलं. आवाज नाही, काही नाही. म्हातारा माणूस बसल्या बसल्या पेंगते तसा खाली आला.

मागच्या महिन्यात भरल्या ट्रॉलीखाली असाच उतरला, तव्हा यांचा पाय आत होता. पाय मोडला, दोन बोटं गेली. तव्हापासून हे बाजीवर पडून अन् दुकान माझ्याकडे. पंक्चर मी आधीही काढतच होती. पाटीवर नाव यांचं, एवढंच.

नवा जॅक आहे एक, बाटलीसारखा. त्याचं बूड काळ्या मातीत घुसते. भरली ट्रॉली उचलणारा जानेफळात हा जुना एकच, माझ्या सासऱ्याचा. चार लोखंडी चाकं, माझ्याएवढा दांडा, ओढाले दोन माणसं लागतात.

तोच आता बसते.

२२ ऑगस्ट, पोळा

बैल आमच्याकडे नाहीत. म्हातारीनं (माझी सासू) तरी मातीचे पुजले. पुरणपोळी झाली. जेवता जेवता हे म्हणाले, "धाकट्याचा फोन होता. संभाजीनगरले त्याच्या कंपनीत वॉचमनची जागा आहे. खोली पण देतात."

धाकटा म्हणजे माझा दीर. मी पोळी वाढली.

"जॅक भंगारात देऊ. रफिकले सांगतलं. दसरा झाला की तो घेऊन जाईन."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? मी आता त्याच्याखाली जाणार नाही. अन् तुले जाऊ देणार नाही. तो जॅक मेला. दादासंग मेला."

दादा म्हणजे यांचा बाप. मेल्याले लय वर्षं झाली. जॅक परवापर्यंत चालत होता. पण पाय मोडलेल्या माणसासंग काय वाद घालता.

म्हटलं, दुरुस्त झाला तर?

"दोन मेस्त्र्यांनी हात टेकले त्याच्यापुढं. तू करशीन?"

हाव म्हटलं. रागात म्हटलं. पण म्हटलं.

२३ ऑगस्ट

पत्र्याच्या खोलीत बसून दुसऱ्याच्या गेटाकडे पाहाचं नाही मले. इथं रस्त्यावरची सगळी माणसं मले नावानं हाक मारतात. शिव्याही देतात. माझ्याच आहेत त्या.

दसऱ्याच्या आत जॅक खोलला पाहिजे. खोलाचा कुठून तेच कळत नाही. मागून एक जाड बोंडूक आहे, मोठ्या नटासारखं. तेल तिथूनच पाझरते, म्हणजे तिथूनच उघडत असणार. आमच्या पेटीतला एक पाना त्याले बसत नाही. मोठे दोन पाने पुंडलिककडे गेलेले. पुंडलिक म्हणजे शेजारचा वेल्डिंगवाला. वस्तू नेते अन् मग ती त्याचीच होते.

मागाले गेली तर म्हणते, "वहिनी, ते पाने तर मी तुम्हाले कव्हाच देले."

"स्वप्नात देले असशीन."

ढिगाऱ्यातून काढून देले. तेही बसत नाहीत. एक लहान, एक मोठा.

२६ ऑगस्ट

मेहकर. तीन दुकानं. पहिल्यानं विचारलं, "काकू, काय साईज पाहिजे?" म्हटलं साईज माहीत असती तर तुमच्याशी बोलली असती का. दुसऱ्यानं सांगतलं, भाऊले पाठवा, बायामाणसाले समजत नाही ते. म्हटलं भाऊचीच बोटं तुटली, मले अजून दहा आहेत, दाखवा पाने.

दाखवले. चांगले चमकत होते. पिशवीत जॅकचा फोटो काढलेला मोबाईल. फोटोवरून पाना घ्याचा म्हणजे फोटोवरून चप्पल घेण्यासारखं. अंदाजानं एक आणला. घरी येऊन लावला. फिरला, बोंडूक जागच्या जागी.

यांनी बाजीवर तोंड भिंतीकडे वळवलं.  

१ सप्टेंबर

खामगाव. जुन्या लोखंडाच्या बाजारात दुपारपर्यंत ढिगारे उपसले. हात काळे, लुगडं काळं. एकजण म्हणे हा इंग्रजी जॅक असेल, त्याच्या पान्याचं माप आता इकडं भेटत नाही. दुसरा म्हणे पाईप पाना लावा, दाताचा, कशालेही धरते. तो आणला.

संध्याकाळी लावला. दातानं बोंडुकावरचा रंग सोलला अन् पाना घसरला. मी दांड्यासगट मागं पडली. म्हातारी ओट्यावरून ओरडली, "वं नंदे, कंबर मोडशीन! एक बाजीवर आहे तो पुरे नाही का?"

पडल्या जागी बसून पाह्यलं. पाईप पान्यानं जिथं सोललं तिथं लाल रंग. त्याच्याखाली हिरवा. त्याच्याखाली चांदी.

२ सप्टेंबर

सकाळीच छिन्नी-हातोडी घेतली.

आमच्या घरी खंडेनवमीले हत्यारं पुजतात. सगळेच पुजतात. पण आमच्या सासऱ्यानं रंग द्याची रीत पाडली अन् यांनी चालवली. दर नवमीले जॅकले एक हात. घरात जो उरला असेल तो रंग. ट्रॉलीचा लाल, खिडकीचा हिरवा, पत्र्याचा चांदी. एका थराले पिवळा निघाला. तो पोरीच्या पाळण्याचा. पोरगी आता बुलढाण्याले नर्सिंग शिकते.

छिन्नीचा एक घाव बरोबर बसला अन् अख्खी ढलपी निघाली. मारोतीचं कवच निघते तशी, आकारासगट. हातात धरली तर आतून गोल.

म्हणजे खाली नट नाहीच. गोल झाकण आहे. रंग साचून साचून नटासारखं दिसत होतं. अन् मी मेहकर-खामगाव करून रंगाच्या मापाचा पाना शोधून राह्यली होती.

झाकणाच्या तोंडावर रंगानं बुजलेली दोन भोकं. खिळ्यानं कोरली. आरपार नाहीत, अर्ध्या पेराएवढी खोल, समोरासमोर. त्याच्यात दोन खुंट्या घालून फिरवाचं असणार. असा पाना मी जन्मात पाह्यला नाही.

यांना सांगतलं. हे म्हणाले, "दादाकडे असेल. दादा गेले तव्हा मी चड्डीत होतो. मले काय माहीत."

४ सप्टेंबर

माप घ्याचं होतं. सुतळीनं नीट येत नाही, भोकं बारीक. मग कणीक मळली, घट्ट, अन् झाकणावर दाबली. दोन खुंट्या सुबक उठल्या. उन्हात वाळवली. म्हातारी म्हणे अन्नाचं हे काय करून राह्यली. म्हटलं लोखंडाले जेवू घालून राह्यली.

६ सप्टेंबर

जळगाव जामोद. माहेर. कणकेचं माप डब्यात घालून एस.टी.नं नेलं. भावाच्या ओळखीचा एक जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करते. त्याच्याकडे तसे दोन पाने होते, दोन खुंट्यांचे, पण ऐसपैस. आपलं माप बारीक. तो म्हणे ज्या कंपनीचा जॅक त्याच कंपनीचा पाना येते सोबत, बाहेर भेटत नाही.

भाऊ म्हणे, "ताई, जा ना संभाजीनगरले. बसून पगार. तुले काय खाज आहे?"

वहिनीनं भरीत केलं होतं. खाल्लं अन् पाचची गाडी धरली. खाज म्हणे.

९ सप्टेंबर

पुंडलिकनं कणकेच्या मापावरून पाना बनवून देला. सळईचे दोन तुकडे पट्टीले वेल्ड केले. हौसेनं केला, खोटं कशाले बोलू. लावाले गेलो तर एक खुंटी बसते, दुसरी भोकाच्या काठावर. केसभर कमी.

"वहिनी, मी तर मापानंच केला."

डब्यातली कणीक झाकणाले लावून पाह्यली. तीही बसेना. ज्या झाकणावरून काढली त्याच झाकणाले.

कणीक वाळली की आवळते. अख्खं आयुष्य पोळपाटावर गेलं माझं. हे मले माहीत नाही?

पुंडलिक हसला. मी पण हसली असती, पण तो आधी हसला.

१३ सप्टेंबर

दुसरा पाना. यावेळी जॅक ओढत त्याच्या दुकानात नेला अन् तिथंच माप धरलं. बसला बरोबर. पाईप घालून दोघांनी जोर देला. झाकण हललं नाही, खुंट्याच वाकल्या. उन्हातल्या मेणबत्तीसारख्या. सळई नरम आहे म्हणे. कडक लोखंड पाहिजे, तापवून पाणी देलेलं.

माझ्या ओळखीत कडक मीच.

रफिकभाऊ रस्त्यानं जाता जाता थांबला. जॅककडे पाह्यलं, मग माझ्याकडे. "भाभी, मैं जल्दी में नहीं हूँ. दसऱ्यानंतरच येतो." चांगला माणूस आहे. चांगल्या माणसाचा जास्त राग येते.

२२ सप्टेंबर, घट

घट बसले. देव्हारा घासला. टाक, घंटी, समई. म्हातारीचा खंडा तेवढा सोडून. त्याले ती कोणाले हात लावू देत नाही. शेंदराचा मुठीएवढा गोळा अन् मागं लोखंडाचा दांडा, एवढंच दिसते. देवीचं हत्यार म्हणते ती. नवमीले पहिला मान त्याले, मग पाने, मग जॅक. मी या घरात आली तव्हापासून असंच.

सोयाबीन पिवळं पडून राह्यलं. पंधरा दिवसांत ट्रॉल्या सुरू होतील. पंक्चर दुसरीकडे नेतील.

२६ सप्टेंबर

काही नाही. दोन सायकली, एक मोटरसायकल. धाकट्या दिराचा फोन. खोलीले खिडकी आहे म्हणे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

जे झालं ते लिहून ठेवते, नाही तर उद्या मलेच खरं वाटणार नाही.

सकाळी पाटावर हत्यारं मांडली. म्हातारीनं देव्हाऱ्यातून खंडा काढला.  न्हाऊ घालता घालता सुटला अन् फरशीवर पडला. शेंदराचं कवच तडकलं. दोन भाग झाले, नारळासारखे.

म्हातारी जागीच बसली. "गेलं वं. आता काय खरं नाही या घराचं."

मी उचलाले वाकली. शेंदराच्या आत दोन खुंट्या. समोरासमोर. काळ्या, कडक, एक ओरखडा नाही. दांड्याच्या टोकाले पाईप घालाले भोक.

मी ते तसंच हातात धरून राह्यली. पुंडलिकनं केलेला वाकडा पाना पाटावरच होता, बाकीच्या पान्यांसंग. हे बाजीवरून पाहून राह्यले होते. त्यांनाही दिसलं.

"आत्याबाई, हे घरात कव्हा आलं?"

"जॅक आला त्याच दिवशी. यांनीच आणलं. सोताच्या हातानं देवात ठेवलं. मले म्हणाले, हे गेलं तर सगळं गेलं. कोणी मागितलं तरी द्याचं नाही. मी नवी होती. मी विचारलं नाही. पुढच्या नवमीले मीच शेंदूर लावला."

"तव्हा मामंजी काही म्हणाले नाहीत?"

"हसले. म्हणाले, आता तर कोणीच नेणार नाही."

हे बाजीवर हसाले लागले. पाय मोडल्यापासून पहिल्यांदा. "पुंडलिकचा बाप! माय, पुंडलिकचा बाप बी पाने न्याचा अन् परत देत नव्हता. दादानं पाना देवात लपवला! देव्हाऱ्यातून कोण पाना मागते बे!"

म्हातारी हसली नाही. तिनं माझ्या हातातून ते घेतलं, पदरात गुंडाळलं.

मी म्हटलं, द्या, एकदा लावून पाहते. म्हणाली, "आज हत्याराले हात लावत नाहीत."

ते खरंच आहे. आज काम बंदच असते.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटलं. म्हातारी पदरातलं काही सोडेना. स्वयंपाकघरात भाजी निवडताना विचारलं मले, माझ्याकडे न पाहता.

"मी इतकी वर्षं काय पुजलं मग?"

 मी देवाचं फार करणारी नाही. वांगी चिरली. मग म्हटलं, पान्याले तर आपण दर नवमीले पुजतोच. तुम्ही रोज पुजलं, एवढंच.

 कांदा मी चिरून राह्यली होती पण डोळे तिनं पुसले.

हे म्हणाले, जबरदस्ती नको करू. राहू दे. रफिक शनिवारी येते.

माझी जबरदस्ती कराची सवय सगळ्या गावाले माहीत आहे. पण ते तिच्या पदरातून ओढून घेणं मले जमलं नसतं. म्हणजे जमलं असतं. केलं नाही.

३ ऑक्टोबर

सकाळी दुकान झाडून राह्यली होती. पाहते तर म्हातारी रस्त्यानं येऊन राह्यली. डोक्यावर पदर, हातात ताट. ताटात तांदूळ, तांदळावर पाना. चिंचेनं घासलेला. शेंदराचा ठिपका नाही त्याच्यावर.

जॅकजवळ खाली बसली. म्हणाली, "मी असताना लाव."

लावला. दोन्ही खुंट्या बसल्या. दारात कडी बसते तशा.

जोर देला, हलेना. रंग, गंज. आता खोटं कशाले लिहू, मी दांड्यात पाईप घातला तव्हा म्हातारी म्हणाली, "देवाले पाईप लावते वं?"

"देवच आहे तर सोसीन."

पुंडलिक आवाज ऐकून आला. तिघांनी. म्हातारीनं पण पाईपले हात लावला, नुसता टेकवल्यासारखा. एकदम कर्र झालं अन् झाकण फिरलं.

आत तेल नाही, डांबर. त्याच्यात चामड्याचा वाटीसारखा वायसर, भिजल्या पापडासारखा फाटलेला. तेल त्याच्या बाजूनं मागं निघून जाते, म्हणून जॅक बसते. बस. एवढंच दुखणं होतं. मेला नव्हता.

पुंडलिकनं पाना उचलून पाह्यला. "वहिनी, माल चांगला आहे. दोन दिवस..."

म्हातारीनं त्याच्या हातातून घेऊन ताटात ठेवला.

४ ऑक्टोबर

तसा वायसर आता कोणी ठेवत नाही. चप्पल शिवणाऱ्या सखारामभाऊकडून जाड चामडं आणलं, जुन्यावर ठेवून कापलं, तेलात भिजवलं. चामडं भिजलं की फुगते म्हणून जरा कमी कापलं. कणकेनं एवढं शिकवलं.

रफिकभाऊ आला, हातगाडी घेऊन. जॅक उघडा पाहून म्हणे, "अरे, इसका तो ऑपरेशन चालू है." म्हटलं, उद्या या. चहा पेला अन् गेला.

यांनी विचारलं, चामडं धरीन का? म्हटलं, मले माहीत नाही. खरंच माहीत नाही.

५ ऑक्टोबर

वायसर बसवला, तेल भरलं, दांडा खालीवर करून हवा काढली. देशमुखाची सोयाबीनची ट्रॉली रस्त्यातच फुसकी होऊन उभी होती. तिच्याखाली लावला. दांडा मारत गेली, ट्रॉली वर येत गेली. चाक काढलं. मग कोणाले तिच्याखाली जाऊ देलं नाही. दगड लावून ठेवले बाजूनं अन् जॅकमधून वर आलेल्या खांबाच्या बुडाशी खडूनं रेघ मारली. उतरला तर रेघ झाकली जाईन. दुपारचं जेवण होईपर्यंत उभी ठेवाची असं ठरवलं. देशमुख कुरकुरला. म्हटलं, पाय तुमचा ठेवता का खाली? 

रफिकभाऊ दुकानापुढं हातगाडीवर बसून आहे. पुंडलिक त्याच्याशी गप्पा मारून राह्यला.

घरी आली. भाकरी टाकल्या. म्हातारी ताट घेऊन उभी. "याले आता कुठं ठेवू? पेटीत का देवात?"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं मले देवाचं काही विचारलं.

"जिथं होता तिथंच ठेवा. पुंडलिक अजून जित्ता आहे."

ठेवला. शेंदूर नाही लावला. एक फूल ठेवलं फक्त, बाजूले, खुंट्यांवर नाही.

हे जेवता जेवता तीनदा विचारून झाले, रेघ दिसते का, रेघ दिसते का. म्हटलं मी इथं भाकरी टाकून राह्यली, मले इथून कशी दिसीन. जाऊन पाहा.

पाय मोडल्यापासून दुकानाकडे गेले नाहीत ते. तोंड वळवून बसत होते बाजीवर, जॅक दिसू नये म्हणून.

ताट सारलं. काठी मागितली. मी देली. म्हातारी म्हणाली, संग जा वं त्याच्या. म्हटलं, नाही. त्यांचं त्यांना पाहू द्या.

गेले. काठीचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला, मग नाही. अजून आले नाहीत. भाकरी थंडी होऊन राह्यली.